अकरा भोकं, सत्तावीस गाठी

गणिताचं आणि माझं कधीच पटलं नाही. मी भाषेचा मास्तर. पण नशीब बघा, अठ्ठावीस वर्षं माझा वर्ग आणि खुंटाबाईंचा गणित-भूगोलाचा वर्ग यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती. भिंत कसली, नावाला भिंत! इकडे मी कविता म्हणायला घ्यावी तर तिकडून कोन आणि अंश कानावर आदळायचे. मी फळीवर ठोकायचो, तर त्या उलट दोनदा ठोकायच्या. असा आमचा स्नेह.

खुंटाबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. मैदानाच्या बरोबर मधोमध बाईंनी एक लोखंडी खुंटा पुरून घेतला होता, तोही सिमेंट ओतून. हलवून बघायची सोयच नाही. त्या खुंट्यावर सायकलची एक जुनी रिम आडवी बसवलेली. सायकलवाल्याने फुकट दिलेली, तारा काढून टाकलेल्या. तारांची भोकं छत्तीस. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत दहा अंश. एक भोक लाल रंगवलेलं, ते शाळेच्या फाटकाकडे तोंड करून. ते शून्य. तिथून डावीकडे मोजत जायचं. आणि खुंट्याला अडकवलेला तीस मीटरचा दोर, मीटरगणिक एक गाठ. झालं! एवढ्या भांडवलावर बाई चौथीच्या पोरांना जे शिकवायच्या त्याला पुस्तकात ध्रुवीय सहनिर्देशक म्हणतात म्हणे. कॉलेजातल्या पोरांना त्याने घाम फुटतो. बाईंनी ते नाव वर्गात कधी उच्चारलंच नाही.

"नळ कुठाय?" बाई विचारायच्या.

"तिकडे!" पोरं एका सुरात.

"तिकडे म्हणजे कुठे? मला दिसत नाही असं समजा."

मग पोरं रिमवर वाकायची, मोजायची, भांडायची. "चार भोकं, चौदा गाठी!" बाई खरोखरच डोळे मिटायच्या. चाचपत चार भोकं मोजायच्या, दोर ताणून धरायच्या, गाठी मोजत चालायला लागायच्या. चौदाव्या गाठीला हात पुढे केला की नळाची तोटी हातात! पोरं अशी ओरडायची की माझी कविता तिथेच बसायची.

"आधी वळा, मग चाला," हे त्यांचं पालुपद. दुसऱ्या शाळांत पोरांना चौकटीचा नकाशा शिकवतात, आडव्या रेघा, उभ्या रेघा. बाई म्हणायच्या, "चौकटीला कोपरा लागतो, गुरुजी. आपण काय कोपऱ्यात राहतो का? माणूस उभा असतो तिथूनच त्याचं जग सुरू होतं. कोणीकडे आणि किती, एवढं कळलं की पोर हरवत नाही." एकदा एका पोराने नकाशात मैदानातलं झोपलेलं कुत्रंही घातलं. वीस भोकं, नऊ गाठी. बाई तपासायला जाईपर्यंत कुत्रं उठून चालतं झालं. पोरगं रडकुंडीला आलं. बाई म्हणाल्या, "वेळ लिही शेजारी. सव्वादहाला कुत्रं इथे होतं. हलणाऱ्या वस्तूंची वेळ लिहायची असते." मी भिंतीपलीकडे हसलो, पण फळी ठोकली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. टाळत होतो, कारण तिच्यात माझाही हात आहे.

बाईंना एकच मुलगी. नवरा गेला तेव्हा पोर सहा वर्षांची होती. दोघीच एकमेकींना. आणि पोर आमच्याच शाळेत. बाईंनी पहिल्या दिवशीच तिला बजावलं होतं, "फाटकाच्या आत मी बाई. आई फाटकाबाहेर." लोकांचं कसं, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाईंचं नेमकं उलटं. दुसऱ्याच्या पोराने चूक केली तर हसून सोडायच्या आणि आपल्या पोरीला धारेवर धरायच्या. पोर बिचारी दिवसभर "बाई, बाई" करायची आणि शाळा सुटली की फाटकाकडे धावत सुटायची. फाटक ओलांडलं रे ओलांडलं की "आई!" म्हणून अशी हाक मारायची, की समोरचा दुकानदारसुद्धा मान वर करून बघायचा. मी हे रोज बघितलंय. संध्याकाळी ती हाक ऐकली की आपलीही शाळा सुटल्यासारखं वाटायचं.

वर्षातून एकदा बाई लपवालपवीचा खेळ घ्यायच्या. प्रत्येक पोराने एक डबी मैदानात पुरायची आणि चिठ्ठीवर दोन आकडे लिहायचे, भोकं किती आणि गाठी किती. दुसऱ्याने ती शोधायची. डबीत एक हुकूम असायचा. दहा उड्या मार, कोंबड्यासारखा आरव, असलं काहीतरी. ज्याला डबी सापडेल त्याने हुकूम पाळायचा.

पोर चौथीत होती त्या वर्षी तिची चिठ्ठी निघाली: ११, २७. शोधायला दोन पोरं गेली. अकरा भोकं, सत्तावीस गाठी. खणलं, काही नाही. आजूबाजूला खणलं, काही नाही. शेवटी बाई स्वतः गेल्या आणि हात झटकत परत आल्या.

पुढचं मी फळीतून शब्दन् शब्द ऐकलं.

"पुरलीच नाहीस तू. आईची शाळा आहे म्हणून चालून जाईल असं वाटलं?"

"मी ठेवलीये."

"खोटं बोलू नकोस."

"मी ठेवलीये, पण..."

"पण-बिण काही नाही! शून्य. बाहेर उभी राहा."

पोर व्हरांड्यात येऊन उभी राहिली. माझ्या दारातून दिसत होती. रडत नव्हती. खाली आपल्या पायांकडे बघत होती. मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो, दुसऱ्याच्या वर्गात नाक कशाला खुपसा म्हणून. तेव्हा उठून गेलो असतो तर! पण नाही गेलो.

त्या संध्याकाळी पोर फाटकातून बाहेर पडली ती गप्पच. बाई म्हणाल्या, "चल." पोर म्हणाली, "हो, बाई." बाईंना वाटलं रुसलीय, चार दिवसांत निवळेल. पोरीने घरीही बाईच म्हणायला सुरुवात केली. "बाई, जेवायला वाढा. बाई, वही संपली." बाई आधी हसल्या, मग रागावल्या, मग एकदा रडल्याही. पोर हटली नाही. हट्टाला पेटली की पेटली, आईचीच लेक ती! डबी कुठे आहे ते दाखवलं असतं तर एका मिनिटात सगळं मिटलं असतं. पण तिचं म्हणणं एकच: "तुम्ही शोधा." पुढच्या वर्षी पोर मोठ्या शाळेत गेली. हट्ट पुढे सवय झाला आणि सवयीचं नावच पडून गेलं. बाईंनी लपवालपवीचा खेळ पुन्हा कधी घेतला नाही.

पोर शिकली आणि नोकरीला लांब गेली, समुद्रापलीकडे. रविवारी फोन यायचा. "बाई, औषधं घेताय ना? बरं, ठेवते." संपला रविवार. सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. बाईंच्या घरी भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला एक गोल नकाशा होता. मध्यभागी स्वतःचं घर, भोवती वर्तुळं, आणि जिथे जिथे पोर राहिली तिथे एक ठिपका आणि शेजारी तारीख. कॉलेजचा ठिपका दुसऱ्या वर्तुळावर. पहिल्या नोकरीचा सातव्या. शेवटच्या ठिपक्यापाशी कागद संपला, तेव्हा बाईंनी खाली दुसरा कागद डिंकाने जोडला. चहा पिताना माझी नजर तिकडे जायची आणि मी पटकन बशीत बघायचो.

एकदा मी विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय आता? निवृत्ती आली जवळ."

त्यांनी लपवाछपवी केली नाही. "एकदा तिच्या तोंडून आई ऐकायचंय, गुरुजी. बाकी माझं सगळं झालंय."

मी बशीतला चहा संपवला आणि घरी निघालो.

मी बाईंच्या आधी तीन वर्षं निवृत्त झालो. घरात करमत नाही म्हणून रोज शाळेत चक्कर मारायचो. बाईंच्या निरोप समारंभानंतर दोन दिवसांनी, बुधवारी, गेलो तर बाई मैदानाच्या पार टोकाला गुडघ्यावर बसून खुरप्याने खणत होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले, आणि पदर खोचून खणतेय!

"हे काय चाललंय?"

"सोमवारी सगळ्या मैदानावर काँक्रीट टाकणार आहेत," वर न बघता त्या म्हणाल्या. "पालकांची तक्रार, धूळ उडते म्हणून. आता नाही तर कधीच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दर मोठ्या सुट्टीत मैदानाच्या त्या टोकाला खड्डे दिसायचे. मुख्याध्यापकांनी घुशीचं औषध आणून टाकलं होतं, दोनदा! ती घूस म्हणजे आमच्या बाई.

"चोवीस वर्षं तुम्ही ती डबी शोधताय?"

"आधी तिला खोटं ठरवायला शोधत होते," बाई म्हणाल्या. "मग मला खोटं ठरवायला. अकरा भोकं, सत्तावीस गाठी. हीच जागा. चारी बाजूंनी दोन-दोन हात खणून झालंय. नाहीये हो, गुरुजी. मग तिने खरंच पुरली नसेल का? तेवढं कळलं तरी बास. ती म्हणाली होती ठेवलीये. आणि ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिला पुढे बोलू दिलं नाही."

"गाठी म्हणजे?" मी विचारलं. खरंच, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तो शब्द भिंतीपलीकडून ऐकला होता, पण भाषेचा माणूस मी. दोर म्हणजे माझ्या लेखी दोर.

"दोराच्या गाठी. दुसरा आकडा म्हणजे दोराच्या गाठी."

"त्या दिवशी तिच्याकडे दोर कुठे होता?" मी बोलून गेलो. "दोर तर माझ्याकडे होता!"

बाईंचा हात थांबला.

गप्प बसता आलं असतं. चोवीस वर्षं बसलोच होतो की, नकळत का होईना. पण तोंडातून निघालं होतं. मग सगळं सांगितलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाची नाटुकल्याची तालीम होती. पडदा टांगायला काही मिळेना, म्हणून मी खुंट्यावरचा दोर न विचारता काढून नेला, दुमडून बांधला, आणि घंटेच्या आधी परत अडकवून आलो. मध्येच बाईंची पोर दारात आली होती. "गुरुजी, दोर द्या ना, माझी डबी राहिलीये." मी तालमीत गुंतलेलो. "आत्ता नाही, पळ!" म्हणून हाकललं. खिडकीतून बघितलं तर पोर खुंट्यापासून चालत होती. टाचेला चवडा लावून, एकेक पाऊल जोडत, तोंडाने मोजत. मला गंमत वाटली होती. बास, एवढंच. मग मी वळून पडद्याकडे बघितलं.

"ती पावलं होती, बाई. सत्तावीस पावलं. तिला तेच सांगायचं होतं, 'पण' म्हणून."

बाई मला ओरडतील, चार शब्द सुनावतील, असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, माती झटकली आणि फाटकातून बाहेर गेल्या. घर पाच मिनिटांवर. मी खुंट्यापाशी अपराध्यासारखा उभा राहिलो.

परत आल्या तेव्हा हातात एक बूट होता. काळा, शाळेचा, डाव्या पायाचा, पुढे चवड्याला घासलेला. वीतभरच लांब. चौथीतला. जोडीतला दुसरा कधीच गेला होता, पण हा बाईंनी ठेवला होता. का ठेवला, मी विचारलं नाही.

"तुम्ही भोकं मोजा," त्या म्हणाल्या.

मी अकरा भोकं मोजली. दोनदा मोजली, गणितावर माझा भरवसा नाही. दोर ताणून धरला. बाई त्या रेघेवर गुडघे टेकून बसल्या आणि बूट मातीवर ठेवला. एक. बुटाच्या टोकापाशी बोट धरलं, बूट उचलून पुढे ठेवला. दोन. तीन. चोवीस वर्षांपूर्वीचं पोरीचं पाऊल न् पाऊल त्या हाताने टाकत होत्या. दहाव्या पावलाला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मातीवर पडायला लागलं, पण मोजणी चुकली नाही. बाईंची मोजणी कधी चुकत नाही.

सत्तावीस झाली तेव्हा आम्ही खुंट्यापासून पाच-साडेपाच मीटरांवर होतो. मैदानाचं टोक कुठे आणि हे कुठे! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. याच जागेवरून बाई वर्षानुवर्षं दोर धरून चालत गेल्या होत्या.

इथे मी खणलं. दरवर्षी मैदानावर गाडीभर मुरूम पडायचा, त्यामुळे डबी चांगली हातभर खाली गेली होती. खुरपं टणकन वाजलं. गोळ्यांची पत्र्याची डबी, गंजून तपकिरी झालेली. झाकण निघेना, मी दगडाने ठोकून काढलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. बाईंनी तो माझ्याच हातात दिला, मी वाचला. पेन्सिलीचं, मोठ्ठं अक्षर.

"ज्याला डबी सापडेल त्याने सगळ्यांसमोर बाईंना आई म्हणून हाक मारायची."

बघा पोरीची अक्कल! स्वतःला शाळेत म्हणता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्याकडून म्हणवून घेणार होती. सगळा वर्ग हसला असता, आणि बाईसुद्धा हसल्या असत्या. पाच मीटरांवर तो हुकूम पुरलेला होता आणि वर पोरीला शून्य मिळालं होतं. बाई तिथेच मातीत बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन मोठ्याने रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे पोर घाबरलीच. "बाई, काय झालं? बरं नाही का?"

"डबी सापडली," बाई म्हणाल्या. "तू खोटं बोलली नव्हतीस. चूक माझी होती. तुला बोलू द्यायला हवं होतं मी."

मी पुढे वाकून ओरडलो, "माझीही चूक आहे गं! दोर मी नेला होता!"

पलीकडून आवाज आला. "तुम्ही अजून शोधत होता?"

"सोमवारी काँक्रीट टाकतायत," बाई म्हणाल्या. "म्हटलं त्याआधी तू..."

"बघते, बाई," पोर म्हणाली आणि फोन ठेवला.

बघते, बाई! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, इतकी कसली ही अढी? बाई मात्र शांत होत्या. "तिने चोवीस वर्षं वाट बघितली, गुरुजी. मला चार दिवस बघू द्या."

गुरुवारी फोन नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. बाई रोज सकाळी मैदानात खुर्ची टाकून त्या खड्ड्यापाशी बसायच्या. ठेकेदाराची माणसं फळ्या लावायला आली, एकाने फावडं घेऊन खड्डा बुजवायला सुरुवात केली. मी त्याच्या अंगावर असा धावून गेलो की तो फावडं टाकूनच पळाला. भाषेच्या मास्तराला इतक्या शिव्या येतात हे मलाही त्याच दिवशी कळलं.

रविवारी चारच्या सुमाराला फाटकाशी टॅक्सी थांबली. एक बाई उतरली, हातात एकच पिशवी, केस विस्कटलेले, प्रवासाने डोळे लाल. मी ओळखलं नाही. खुंटाबाईंनी ओळखलं. त्या खुर्चीतून उठल्या, पण पुढे गेल्या नाहीत. फाटकाच्या आत होत्या ना.

पोर आत आली. सरळ खुंट्यापाशी गेली, रिमवर वाकली आणि लाल भोकापासून बोटाने मोजायला लागली. अकराव्या भोकाशी थांबली, तशी वळली, आणि टाचेला चवडा लावून चालायला लागली. मी खिडकीतून बघितलं होतं तशीच, अगदी तशीच. ओठ हलत होते. बाई खड्ड्याच्या कडेला दोन्ही हात छातीशी धरून उभ्या होत्या. पोर जवळ जवळ येत गेली आणि शेवटचं पाऊल त्यांच्या अगदी पायांशी पडलं. मग तिने मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "बावीसच भरली गं."